गळका पंप आणि डॉल्फिनचं रक्त

रुग्ण: पुरुष, वय 36. राहणार वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं एक गाव. धंदा शेती, साडेतीन एकर ऊस. व्यसन तंबाखू-चुना, दारू नाही. लेखकाशी नातं: आतेभाऊ.

ही शेवटची ओळ दवाखान्याच्या कागदावर नसते. इथे ती सांगायला हवी, कारण मी डॉक्टर नाही. सांगलीत प्राणीशास्त्र शिकवतो. त्या आठवड्यात एम.एस्सी.च्या वर्गात सागरी सस्तन प्राण्यांच्या यकृतातली विष उतरवणारी एन्झाइमं चालू होती. डॉल्फिनच्या शरीरात काय नसतं ते फळ्यावर लिहून मी घरी आलो आणि रात्री मिरजेहून फोन आला. पुढचे पाच दिवस मी तोच धडा उलट्या बाजूने पाहिला.

आषाढ संपत आला होता. उसाला हुमणी लागली होती. उभा ऊस पिवळा पडायचा, हाताला धरून ओढला की मुळासकट वर यायचा, आणि बुडात पांढरी, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी. भावाने 20 टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आणलं. डब्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे आपल्याकडच्या वर्गवारीत 'अत्यंत विषारी'. दुकानदाराने सांगितलेल्या मापाच्या दुप्पट टाकलं, कारण शेजाऱ्याने तसंच केलं होतं. पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून बुडाशी आळवणी सुरू केली. पंपाच्या नळीपाशी वॉशर झिजलेला होता. दुपारी बारापर्यंत सदरा आणि बनियन पाठीपासून कमरेपर्यंत भिजलेले. घाम की औषध, हे त्यालाही कळलं नाही. मधे दोनदा बांधावर बसून तंबाखू मळली, त्याच हातांनी.

चारच्या सुमारास पंप ओढ्यात खळबळून धुतला. घरी आल्यावर हातपाय धुतले, आंघोळ केली नाही. नऊ महिन्यांची मुलगी रांगत पायाशी आली तिला उचलून खांद्यावर घेतलं. बनियन तेच होतं.

सात वाजता मळमळ. साडेसातला पोटात कळा, जुलाब. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. शेतात काय मारलं हे त्यांनी विचारलं नाही, आणि यानेही सांगितलं नाही. तीन तास इथे गेले. साडेदहाला तोंडातून लाळ, कपाळावर घामाच्या धारा, दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळायला लागले. शेजारच्या पोराने गाडी काढली. मिरजेत पोचले तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी 52, छातीत हुक्क्यासारखी घरघर.

मी पोचलो तेव्हा सिस्टरने बनियन कात्रीने कापून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं होतं. तरी त्या खोलीत रॉकेल आणि सडका लसूण एकत्र केल्यासारखा वास होता. पाठ साबणाने तीनदा धुतली. उपचारातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम. कातडीवरचं औषध निघेपर्यंत आत येणारं विष थांबत नाही.

मग ॲट्रोपिन, लाळ-घाम आणि छातीतलं पाणी आटवणारं इंजेक्शन. एक डोस, पाच मिनिटं थांबायचं, छाती ऐकायची, पुढचा डोस दुप्पट. मला वाटायचं, बाहुल्या मोठ्या झाल्या की झालं. डॉक्टरबाई बाहुल्यांकडे फारसं बघतच नव्हत्या. त्या दर वेळी त्याच्या काखेत हात घालत होत्या. "काख कोरडी पडली आणि छाती साफ झाली की बास. बाहुल्या मागून येतात." रात्री दोनला काख कोरडी झाली. पॅमचं, म्हणजे एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवणाऱ्या प्रालिडॉक्सिमचं, इंजेक्शनही चालू होतं. क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत त्याला अर्थ असतो, कारण हे विष मज्जातंतूंच्या एन्झाइमला कायमचं जखडायला जास्त वेळ घेतं. डायमेथोएटसारखी फवारणीची औषधं ते काम काही तासांत उरकतात. श्रीलंकेतल्या दवाखान्यांत ही औषधं प्यायलेल्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला, त्यात क्लोरपायरीफॉसवाल्यांपैकी 8 टक्के दगावले होते, डायमेथोएटवाल्यांपैकी 23 टक्के. दोन्ही एकाच कुळातली, एकाच दुकानात एकाच फळीवर मिळणारी.

पहाटे भाऊ बरळायला लागला. चादर चिमटीत धरून ओढत होता आणि म्हणत होता, "ट्रॉली काट्यावर घ्या, काट्यावर घ्या." हा ॲट्रोपिन जरा जास्त झाल्याचा परिणाम. डोस कमी केला, दुपारपर्यंत गडी शुद्धीवर.

रक्ताच्या अहवालात कोलिनएस्टरेज खूप खाली होतं. इथून मूळ मुद्दा सुरू होतो.

क्लोरपायरीफॉस डब्यात असतं तसंच शरीरात राहिलं, तर मज्जासंस्थेला त्याचा त्रास कमीच. त्याच्या रेणूत फॉस्फरसला गंधकाचा अणू चिकटलेला असतो. यकृतातली सायटोक्रोम पी-450 गटाची एन्झाइमं तो गंधक काढतात आणि तिथे ऑक्सिजन बसवतात. तयार होतं क्लोरपायरीफॉस-ऑक्सॉन, मूळ औषधाच्या कितीतरी पट जहाल. ॲसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचं जे एन्झाइम मज्जातंतूचा प्रत्येक संदेश संपल्यावर तो पुसून टाकतं, त्याला हा ऑक्सॉन जाऊन बसतो. मग संदेश पुसला जात नाही. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, स्नायू वळवळत राहतात. म्हणजे ज्या यकृताला आपण विष उतरवणारं म्हणतो, त्यानेच इथे विषाला धार लावलेली असते. हळूहळू धार लावतं म्हणूनही लक्षणं उशिरा आली. दुपारी पाठ भिजली आणि त्रास दिवेलागणीनंतर झाला त्याचं हे एक कारण.

धार लागलेला ऑक्सॉन मोडायला शरीराकडे दोन हत्यारं असतात. एक ब्युटिरिलकोलिनएस्टरेज, अहवालात मोजलेलं हेच. ते काठीसारखं. एका ऑक्सॉनवर एक काठी हाणली की काठी मोडली. आकडा खाली येतो तो या मोडलेल्या काठ्यांचा. दुसरं पॅराऑक्सोनेज-1, थोडक्यात पॉन-1. हा ऊसतोडीचा कोयता. ऑक्सॉनचा रेणू कापायचा आणि पुढच्या टिपरीला हात घालायचा. पॉन-1 यकृतात तयार होतं आणि रक्तातल्या एचडीएलच्या, म्हणजे लोक ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात त्या कणांच्या, पाठीवर बसून हिंडतं. दवाखान्यात ते कोणी मोजत नाही. मोजून उपचार बदलत नाही, त्यामुळे त्यात चूकही नाही. प्रत्येक माणसाचा कोयता सारखा धारदार नसतो, एवढं मात्र खरं. त्याच्या जनुकात एका जागी फरक असला की वेग बदलतो. एकाच बांधावर एकाच पंपाने फवारणारे दोघे भाऊ, एकाला काही होत नाही आणि दुसरा आडवा पडतो, त्यामागचं एक कारण हे असू शकतं. गावात त्याला 'अंगाला लागलं' म्हणतात.

कोयता काढून घेतला तर काय होतं, ते उंदरांवर पाहिलेलं आहे. पॉन-1 चं जनुक बंद केलेले उंदीर 1998 साली तयार झाले. साध्या उंदरांना काही होत नव्हतं तेवढ्या ऑक्सॉनने ते कोसळत. त्यांच्या धमन्याही लवकर चरबटत. हा दुसरा भाग महत्त्वाचा. पॉन-1 मुळात फवाऱ्यासाठी घडलेलंच नाही. कीटकनाशकं आली गेल्या शतकात. पॉन-1 त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून रक्तातल्या चरबीची खराबी आवरत होतं. ऑक्सॉन कापणं हा त्याचा जोडधंदा.

आणि आता डॉल्फिन.

2018 साली 'सायन्स' मासिकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग आणि वॉशिंग्टन विद्यापीठांतल्या संशोधकांचा एक निबंध आला. जमिनीवरून पाण्यात गेलेल्या सस्तन प्राण्यांनी कोणकोणती जनुकं टाकून दिली, याचा त्यांनी शोध घेतला. सगळ्यात ठळक सापडलं ते पॉन-1. देवमासे-डॉल्फिनांचा वंश, मॅनाटी-डुगाँग या समुद्रगायींचा वंश आणि सीलांपैकी काही, यांनी वेगवेगळ्या काळी, एकमेकांचं न बघता, हेच एक जनुक मोडीत काढलं. नुसतं जनुक वाचून ते थांबले नाहीत. प्राण्यांचं रक्त घेऊन त्यात ऑक्सॉन घातला. जमिनीवरच्या सस्तनांचं रक्त ते कापत होतं. समुद्रातल्यांच्या रक्तात ऑक्सॉन जवळपास तसाच पडून राहिला.

का टाकलं असावं? माशांवर जगणाऱ्यांच्या आहारातली चरबी वेगळी, आणि तासनतास बुड्या मारणाऱ्या शरीरात ऑक्सिजनची ये-जा वेगळी. चरबी सांभाळायची पद्धत बदलली आणि जुना कोयता अडगळीत गेला, असा त्या संशोधकांचा अंदाज. मला तो पटतो. मॅनाटी शाकाहारी आहे, त्यामुळे नुसता आहार पुरेसं कारण वाटत नाही. बुडीचा धागा जास्त बळकट दिसतो.

हे मी वर्गात सांगितलं होतं आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी माझ्यापुढे येऊन उभी राहिली, मुलगी कडेवर. "दादा, ह्यांनी हिला उचलून घेतली हुती. वल्ल्या बनियनवर. हिला काय हुईल का?"

मी गप्प झालो. तान्ह्या बाळाच्या रक्तात पॉन-1 मोठ्या माणसापेक्षा बरंच कमी असतं, ते वाढायला महिने-वर्षं लागतात. या एका बाबतीत नऊ महिन्यांची ती पोर बापापेक्षा डॉल्फिनच्या जवळ होती. पण हे वहिनीला काय सांगणार? डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी मुलीच्या बाहुल्या पाहिल्या, छाती ऐकली, गाल-मान-हात साबणाने धुवायला लावले, झबलं टाकून द्यायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. काही झालं नाही. खांद्यावर पाच मिनिटंच होती. मात्रा थोडी होती, एवढंच.

मात्रेचीच गोष्ट निघाली म्हणून. या प्रकरणाची चर्चा आम्ही नंतर वर्गात केली तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, मग आपल्या भागातलं औषध कृष्णेतून समुद्रात जाऊन डॉल्फिनला मारतं का?" मोह होतो हो म्हणायचा. गोष्ट छान जुळते. पण ते खरं नाही. क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटतं आणि आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मोडतं. कृष्णा इथून आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं ओलांडत हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात मिळते. एवढ्या वाटेत माझ्या भावाच्या पंपातलं काय उरणार? धोका आहे तो शेत आणि समुद्र शेजारी-शेजारी असतात तिथे. फ्लोरिडात मॅनाटी ज्या कालव्यांत आणि खाड्यांत चरतात, त्यांच्या काठावर शेती आहे. आपल्याकडे पाल्कच्या उपसागरात तामिळनाडू सरकारने 2022 साली 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र केलं. त्याच्या वरच्या अंगाला कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती. प्रश्न तिथे विचारायला हवा.

पंप धुतलेल्या ओढ्यात काय झालं, ते मात्र समुद्रापर्यंत न जाता दिसलं. तिसऱ्या दिवशी पुतण्या सांगत होता, डोहात मळ्या माशाची बोटभर पिल्लं पोट वर करून तरंगत होती. काही माशांना लिटरभर पाण्यात क्लोरपायरीफॉसचे काही मायक्रोग्रॅमही पुरतात. नांगरामागे हुमणी टिपत चालणारे बगळे आणि साळुंक्याही याच रांगेतले. पक्ष्यांच्या रक्तात ऑक्सॉन कापायची ताकद फारच कमी असते.

डॉल्फिनची खरी अडचण वेगळ्या विषाची आहे, आणि तिथे 'एन्झाइम वाढलं की बरं' हा समज पार उलटा पडतो. पीसीबी नावाची तेलं जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असत. ती मोडत नाहीत, चरबीत जाऊन बसतात आणि माशाकडून मोठ्या माशाकडे, तिथून डॉल्फिनकडे चढत जातात. यकृताला ती जाणवली की पी-450 चा एक गट जोरात कामाला लागतो. देवमाशाच्या कातडी-चरबीचा छोटा तुकडा घेऊन हा वाढलेला जोर मोजतात आणि प्रदूषणाची खूण मानतात. खूण म्हणून ते ठीक. पण कारखान्याची चिमणी जोरात धुरकटते म्हणजे साखर जास्त निघते असं थोडंच? डॉल्फिनच्या यकृतात दुसरा एक गट, फेनोबार्बिटल हे फिटांवरचं औषध दिल्यावर जागा होणारा, जवळपास नसतोच, हे जपानी संशोधकांनी 1988 सालीच दाखवलं. जे पीसीबी तोच गट मोडू शकतो ते मग आयुष्यभर साठत जातात. जानेवारी 2016 मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची ऑर्का, डॉल्फिनच्याच कुळातली, मरून किनाऱ्याला लागली. तिच्या चरबीत किलोमागे 957 मिलिग्रॅम पीसीबी निघालं. सस्तन प्राण्यांना अपाय सुरू होण्याची जी पातळी धरतात, ती 9 मिलिग्रॅम. लुलू मासेमारीच्या दोरात अडकून मेली होती, विषाने नाही. पण वय वीसच्या आसपास असूनही तिला कधी पिल्लू झाल्याची खूण नव्हती. मादीच्या अंगातून हे विष बाहेर पडायची मोठी वाट म्हणजे दूध, आणि पहिल्या पिल्लाच्या वाट्याला त्यातलं सगळ्यात जास्त येतं.

वर्गातल्या एका मुलाने इथे बरोबर बोट ठेवलं. माणसात क्लोरपायरीफॉसला धार लावण्यात जो गट पुढे असतो, तो या फेनोबार्बिटलवाल्यांपैकीच. मग डॉल्फिनमध्ये धार लावणाराही कमी आणि कापणाराही नाही, म्हणजे हिशेब सारखा? कागदावर तसं दिसतं खरं. पण धार फक्त यकृतातच लागत नाही. उन्हात, हवेत, क्लोरीन घातलेल्या पाण्यातसुद्धा ऑक्सॉन तयार होतो. तयार होऊन आला, तर डॉल्फिनकडे फक्त काठ्या असतात, त्याही मोजक्या. त्या मुलाला मी दहापैकी नऊ गुण दिले. उरलेला एक माझ्या हट्टाचा.

रुग्णाकडे परत. धोका टळला असं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, आणि नातेवाईक डिस्चार्जच्या मागे लागले. डॉक्टरबाईंनी सोडलं नाही. या विषात एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात, शुद्ध पूर्ण असताना. त्या रोज सकाळ-संध्याकाळ एकच चाचणी करायच्या. "उशीवरून मान उचला. धरून ठेवा. मी दहा मोजते." तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आकड्यालाच मान पडली. त्याला अतिदक्षता कक्षात नेलं, व्हेंटिलेटर शेजारी तयार ठेवला. संध्याकाळी मोजणी आठपर्यंत गेली, चौथ्या दिवशी दहा. व्हेंटिलेटर लागला नाही. हे सगळं चाललं तेव्हा आत्या दाराशी बसून म्हणत होती, "मान का उचलाय लावत्यात सारखी, जरा निजू द्या की लेकराला."

पाचव्या दिवशी घरी सोडलं. सूचना: महिनाभर कुठलंही फवारणीचं औषध हाताळायचं नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. शरीर नव्या काठ्या हळूहळूच घडवतं. रक्तपेशींवरचं एन्झाइम तर पेशीच नव्या आल्याशिवाय पुरतं भरून येत नाही, आणि तांबड्या पेशीचं आयुष्य चार महिन्यांचं. तेवढ्या काळात थोडी मात्रासुद्धा मोठी ठरते.

क्लोरपायरीफॉस 2025 च्या मे महिन्यात चिवट विषारी रसायनं बंद करणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, काही पिकांच्या आणि किडींच्या सवलती ठेवून. ही बातमी मी भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "म्हंजी आता महाग हुणार."

सहा आठवड्यांनी रक्ताचा अहवाल घेऊन मी त्याच्याकडे गेलो. आकडा नेहमीच्या पातळीला टेकत आला होता. गोठ्याच्या खांबाला पंप टांगलेला, त्याला नवा वॉशर, नळीवर नवी क्लिप. मला बरं वाटलं.

"मी न्हाई मारत आता, दादा," तो म्हणाला. "गडी लावलाय. त्यो बघा."

उसाच्या कडेला विशीतला एक पोरगा दुसरा पंप पाठीवर घेऊन येत होता. पाठीला खताचं रिकामं पोतं सुतळीने बांधलेलं.

"पोतं कुणी बांधलं?"

"मीच. तुमीच बोललासा न्हवं, पाठ भिजाय नगं म्हून."

पोराने पंप बांधावर उतरवला, हात पँटीला पुसले आणि खिशातून चुन्याची डबी काढली.